आजीला कळेल असं सांग

लेकीच्या वार्षिक परीक्षेच्या निकालाचा कागद आला तेव्हा मी आधी शब्दसंग्रहाची ओळ पाहिली. ७४. जीव भांड्यात पडला. त्याच्या खालच्याच ओळीत वाचनाच्या आकलनाचा आकडा होता, ३६. ओळ चुकली असेल असं वाटून बोट ठेवून पुन्हा पाहिलं. ३६च होते. २०२३चा जून होता. लेक नुकतीच तिसरी संपवून बाहेर सायकल फिरवत होती आणि मी ओट्याला टेकून तो कागद उलटसुलट करत होते.

आम्ही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात, रॉलीजवळच्या कॅरी गावात राहतो. २०२०च्या ऑगस्टमध्ये लेक पहिलीत जायची होती आणि शाळा पडद्यावर सुरू झाल्या. सहा वर्षांच्या पोरीला दिवसभर लॅपटॉपसमोर बसवायचं माझ्या जिवावर आलं. एक वर्ष घरीच शिकवू म्हटलं. त्या एकाची पाच वर्षं झाली, आता सहावं चालू आहे.

इथला कायदा तसा सुटसुटीत आहे. राज्याच्या बिगरसरकारी शिक्षण विभागाकडे नोंद करायची. पालकाचं निदान हायस्कूलपर्यंतचं शिक्षण झालेलं हवं. वर्षातले नऊ महिने शिकवायचं, हजेरीची आणि लसीकरणाची नोंद ठेवायची. आणि दरवर्षी एकदा मुलाची देशपातळीवरची प्रमाणित परीक्षा घ्यायची, तिच्यात इंग्रजी व्याकरण, वाचन, स्पेलिंग आणि गणित असलंच पाहिजे. निकाल वर्षभर जपून ठेवायचा. किती गुण मिळाले तर चालतील, असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे ३६ आले म्हणून मला कुणी जाब विचारणार नव्हतं. पण शिकवणारी मी एकटीच होते, आणि घरात दुसरी बाई नाहीत की त्यांच्याकडे जाऊन विचारावं, माझ्या मुलीला काय येत नाहीये?

आम्ही आयोवा परीक्षा घेतो. आयोवा विद्यापीठात १९३५ साली सुरू झालेली ही जुनी परीक्षा आहे. तिच्या पातळ्यांचे आकडे साधारण मुलाच्या वयावर आहेत. तिसरीची मुलं नववी पातळी देतात, चौथीची दहावी. घरी शिकवणाऱ्या पाच-सहा कुटुंबांचा आमचा गट आहे, आम्ही चर्चचा एक हॉल घेऊन सगळ्या मुलांची परीक्षा एकत्र घेतो. त्या ३६चा अर्थ १०० पैकी ३६ गुण असा नव्हता. त्याच इयत्तेच्या १०० मुलांना ओळीने उभं केलं तर माझ्या मुलीचा नंबर खालून छत्तिसाव्याच्या आसपास, असा तो आकडा. हे मलाही कागदाच्या मागची बारीक अक्षरं वाचल्यावर कळलं. आमच्या गटातली एक आई तर दोन वर्षं टक्केच समजून रडत होती.

गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की लेक वाचायची सुरेख. स्पष्ट, न अडखळता, चढउतारासकट. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात लहान मुलांच्या कार्यक्रमाचं इंग्रजी निवेदन तिच्याकडे असायचं. आठवड्याला सात-आठ पुस्तकं वाचनालयातून यायची आणि परत जायची. अशा मुलीला वाचनात ३६? परीक्षेच्या दिवशी डोकं दुखत असेल, पर्याय भरताना एक घर सरकलं असेल, असं मी आधी स्वतःला समजावलं. तिसरीपासून उत्तरं वेगळ्या कागदावर गोल भरून द्यावी लागतात, त्यात घर सरकतंही. पण स्पेलिंग आणि व्याकरणात तसं काही झालेलं नव्हतं.

मग मी तेच केलं जे मला येत होतं. मी सांगलीला मराठी शाळेत शिकले. ‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ हा प्रश्न म्हणजे आमच्यासाठी हक्काचे गुण. आधी प्रश्न वाचायचा, त्यातला मोठा शब्द हेरायचा, उताऱ्यात तो शब्द शोधायचा आणि ते वाक्य उचलून लिहायचं. उतारा समजला नाही तरी गुण पडायचे. हीच पद्धत मी लेकीला शिकवली. सरावाची तीन जाडजूड पुस्तकं आणली. उन्हाळाभर रोज दोन उतारे, घड्याळ लावून. सप्टेंबरमध्ये घरीच सरावाची परीक्षा घेतली, तर चुका तेवढ्याच. एक फरक पडला होता. तोवर पुस्तक घेऊन खिडकीत जाऊन बसणारी मुलगी आता पुस्तक दिसलं की विचारायची, “ह्याच्यावर प्रश्न आहेत का?”

हा प्रश्न मला फार लागला. परीक्षेतला आकडा एक वेळ राहू दे, पण तिचं वाचणं मी माझ्या हाताने नासवत होते.

उलगडा झाला तो योगायोगाने. इथल्या किनाऱ्यावर केप हॅटेरसचा दीपस्तंभ आहे. १८७० साली बांधला तेव्हा तो समुद्रापासून दीड हजार फूट आत होता. समुद्र किनारा खात खात इतका जवळ आला की १९७०पर्यंत मध्ये जेमतेम १२० फूट उरले. शेवटी १९९९ साली तो अख्खा विटांचा मनोरा जमिनीपासून सोडवून, रुळांवरून इंचाइंचाने सरकवत २,९०० फूट आत नेला. २३ दिवस लागले. जाताना मनोरा कोसळेल अशी भीती गावातल्या पुष्कळांना होती. ही गोष्ट मी तिच्यासाठी एका पानात लिहून काढली होती आणि खाली चार प्रश्न घातले होते. दीपस्तंभ का हलवला, ह्या प्रश्नाला तिने खूण केली होती ‘कारण तो समुद्राजवळ होता’ ह्या पर्यायावर. बरोबर पर्याय त्याच्या खाली होता, समुद्र जवळ सरकत होता म्हणून. मी लाल पेनाने फुली मारली आणि पिठलं टाकायला वळले. तेवढ्यात सांगलीहून माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला. लेकीने फोन घेतला.

“काय वाचतीस गं?” आईने विचारलं.

“लाइटहाउस. दिव्याचा टॉवर.”

“दीपमाळ? देवळापुढं असती ती?”

“नाही आजी. समुद्राजवळ असतो. बोटींना रात्री दिसायला. तो त्यांनी उचलून दुसरीकडे ठेवला.”

“अगं बाई! एवढा मोठा? आणि का म्हणून?”

“कारण तिथे समुद्र होता.”

“समुद्र तर बांधला तेव्हाबी होताच की. मग तवा का नाही दुसरीकडं बांधला?”

लेक गप्प झाली. मी पिठलं ढवळता ढवळता कान देऊन ऐकत होते. मग ती म्हणाली, “थांब आजी, बघून सांगते,” आणि तिने टेबलावरचा कागद ओढून घेतला. तो उतारा ती दुसऱ्यांदा वाचत होती, तेही कुणी सांगितलेलं नसताना. ओठ हलत होते. मग एकदम, “आजी! आधी लांब होता! समुद्र जवळ आला! समुद्र वाळू खातो!”

“हां, असं म्हण की. कृष्णामाई मळी खाती तसं. आपल्या दादामामाची अर्धी मळी खाल्ली बघ नदीनं. वांगी लावायचा तिथं. आता पाणीच हाय.”

उताऱ्यात ‘इरोजन’ हा शब्द तीनदा होता. लेकीला त्याचं स्पेलिंग येत होतं, डोळे मिटून व्याख्याही म्हणता येत होती. पण जमीन खाल्ली जाते म्हणजे काय, ते तिला आजीच्या भावाच्या वांग्यांनी सांगितलं.

त्या रात्री मी तिची जुनी सरावाची पानं काढून बसले. आता प्रत्येक चुकीत मला तेच दिसायला लागलं. तिने निवडलेल्या चुकीच्या पर्यायात जवळजवळ दर वेळी उताऱ्यातला एखादा शब्द जसाच्या तसा होता. बरोबर पर्यायात तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितलेली होती. ती शब्दाला शब्द जुळवत होती. मीच शिकवलं होतं तसं. आयोवासारख्या परीक्षेत पर्याय तयार करणारे नेमका हाच सापळा लावतात, म्हणून माझ्या सांगलीच्या पद्धतीला तिथे गुण नव्हते.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट करून पाहिली, ती प्रत्येकाने करून पाहावी असं मी म्हणेन. एक नवा उतारा तिला वाचायला न देता मीच वाचून दाखवला आणि प्रश्नही तोंडीच विचारले. चुका त्याच जातीच्या आल्या. म्हणजे अडचण डोळ्यांत नव्हती, अक्षरं ओळखण्यातही नव्हती, ऐकलेलं समजण्यातच होती. पुढे वाचनात आलं की गफ आणि टनमर ह्या दोन अभ्यासकांनी १९८६ साली हे अगदी साध्या गुणाकारात मांडलं होतं: वाचून कळणं म्हणजे अक्षरं ओळखून शब्द वाचता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू कितीही मोठी असली तरी दुसरी लंगडी असेल तर उत्तर लहानच येणार. आणि मी उन्हाळाभर जी बाजू आधीच धड होती तिलाच आणखी पाणी घालत बसले होते.

जे मूल अक्षरांतच अडखळतं त्याची गोष्ट निराळी. त्याला हा उपाय लागू नाही, त्याचं अक्षरांचं कामच आधी करायला हवं, गरज पडली तर तज्ज्ञांना दाखवायला हवं. म्हणूनच ती ऐकण्याची चाचणी आधी करायची.

तर सरावाची पुस्तकं कपाटात गेली आणि आजीचा तास सुरू झाला. बुधवारी आणि शनिवारी, आमच्या सकाळी आठला. तिकडे संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात घड्याळं बदलली की साडेसहा. आई देवापुढं दिवा लावून बसलेली असायची. नियम दोनच होते. लेकीने आठवड्यात वाचलेलं काहीतरी आजीला मराठीत सांगायचं, आणि मी मध्ये बोलायचं नाही. दुसरा नियम पाळणं मला जड गेलं. ती चुकीचं सांगते आहे हे ऐकू येतं आणि जीभ वळवळते. मी भांडी घासायला घेत असे, हात गुंतलेले बरे म्हणून.

शिकवण्याच्या शास्त्रात ह्याला काय म्हणतात ते मला नंतर कळलं. शार्लट मेसन नावाच्या इंग्रज शिक्षिकेने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुलांनी वाचलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगण्यावर सगळी शिकवण उभी केली होती, आणि घरी शिकवणारी पुष्कळ अमेरिकन कुटुंबं आजही ती पाळतात. पण आमच्याकडे एक जास्तीची गोष्ट होती. आजीला इंग्रजी येत नाही. पुस्तकातला शब्द तसाच पुढे ढकलायची सोयच नव्हती. इंग्रजीत विचारलं तर लेक पाठ म्हटल्यासारखी वाक्यं परत करायची आणि मला वाटायचं हिला कळलंय. मराठीत सांगायचं तर आधी ते कळावंच लागतं.

आणि तिची मराठी काही फार पक्की नव्हती. सुरुवातीला सांगणं म्हणजे “तो बॉय गेला, मग तो सॅड झाला, मग एंड.” आईला हे अजिबात पटायचं नाही. “सॅड म्हणजे रडला का रुसला?” रडणं आणि रुसणं ह्यांत फरक असतो हे कळल्यावर लेक पुस्तकात जाऊन बघून आली. तो मुलगा रुसला होता. का रुसला, कुणावर रुसला, हे पुढचे प्रश्न आपोआप आले. रुसायला कुणीतरी आपलं माणूस लागतं ना. गोष्टीतली माणसं एकमेकांची कोण लागतात इकडे तिचं लक्ष जायला लागलं ते ह्या एका शब्दापासून.

ह्याच सुमारास ओळखीतल्या एकांनी मनापासून सल्ला दिला की इंग्रजी कच्चं आहे तर घरात मराठी बंद करा. हा सल्ला परदेशातल्या प्रत्येक मराठी घराला कधी ना कधी मिळतो. मी तो मानला नाही आणि कुणी मानू नये असं मला कळकळीने वाटतं. मूल ज्या भाषेत आजीशी भांडतं त्या भाषेत ते विचार करू शकतं. ते दार बंद केलं असतं तर ‘समुद्र आधीपासूनच होता की’ हा प्रश्न तिला विचारला कुणी असता?

छोट्या शब्दांचं वेगळंच प्रकरण निघालं. तिचा शब्दसंग्रह ७४ होता, म्हणजे मोठे शब्द येत होते. ती ठेचकाळायची ती ऑलदो, अनलेस, हाउएव्हर, हार्डली असल्या जोडणाऱ्या आणि वळवणाऱ्या शब्दांवर. ‘इट हार्डली रेन्ड दॅट समर’ ह्याचा अर्थ तिने आजीला सांगितला, “त्या उन्हाळ्यात जोरात पाऊस पडला.” हार्ड म्हणजे जोरात, हे तिला माहीत होतं, मग हार्डली म्हणजेही तेच. पुढे त्या गोष्टीत विहीर आटते आणि शेतकरी गाव सोडतो. आई बिचारी विचारत राहिली, एवढा पाऊस झाला तर विहीर आटली कशी? दहा मिनिटं दोघी त्या विहिरीवर अडकल्या होत्या. मी तेव्हा नियम मोडला आणि सांगितलं, हार्डली म्हणजे ‘पडला न पडल्यासारखा’.

मग आम्ही एक वही केली. एका बाजूला इंग्रजी छोटा शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी सांगाडा. ऑलदोसमोर ‘जरी… तरी’. मराठीत ही जोडी असते, ‘जरी’ म्हटलं की कान ‘तरी’ची वाट बघतात. इंग्रजीत ‘तरी’ लिहीतच नाहीत, तो वाचणाऱ्याने मनात घालायचा असतो. लेकीला हे सांगितल्यावर ती पेन्सिलने वाक्याच्या मध्ये बारीक ‘तरी’ लिहायला लागली. अनलेससमोर ‘नाही तर नाही’: तू येत नाहीस तर मी जात नाही. दे, हिम, इट असल्या सर्वनामांवरून बाण काढून ते ज्याच्याबद्दल आहे त्या नावाला नेऊन लावायचे, हाही खेळ त्याच वहीत. एका परिच्छेदात बाणांचं असं जाळं झालं की तिने ते फ्रिजवर लावलं. चार महिन्यांत वहीत ४१ शब्द झाले. सरावाच्या ६०० पानांपेक्षा ह्या वहीने जास्त काम केलं.

तिसरी गोष्ट कळली ती बेसबॉलमुळे. सरावाच्या पुस्तकात एक उतारा होता. एक खेळाडू बाद झालेला आहे, फर्स्ट बेसवर एक जण उभा आहे, चेंडू शॉर्टस्टॉपकडे जातो, तो सेकंडला फेकतो, तिथून फर्स्टला, आणि संघ जागा बदलतात. प्रश्न होता, संघांनी जागा का बदलल्या? सगळा उतारा १२० शब्दांचा, एकही शब्द अवघड नाही. लेकीला काही कळलं नाही. मला तरी कुठे कळलं होतं! आमच्या घरात क्रिकेट. शेवटी नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर चार वाट्या उलट्या ठेवून बेस केले, चमचे पळवले, आणि एका फटक्यात दोन गडी कसे बाद होतात ते दाखवलं. एक आधीचा आणि हे दोन, तीन झाले की डाव संपला. मग एका शनिवारी डरमला जाऊन डरम बुल्स ह्या तिथल्या संघाचा सामना पाहून आलो. पाचव्या डावात तशीच दुहेरी विकेट पडली आणि लेक खुर्चीवर उभी राहून ओरडली, “वाट्या! बाबा, वाट्या!”

आपल्या टेबलावर घडलं ते कुणीतरी प्रयोग म्हणून करून ठेवलं आहे हे मला मागाहून कळलं. डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली ह्या दोघींचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. सातवी-आठवीची ६४ मुलं. त्यांना बेसबॉलच्या अर्ध्या डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी बाहुल्या हलवून काय झालं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. हे वाचल्यावर मी सुटे उतारे देणं पूर्ण थांबवलं. आज पेंग्विन, उद्या रोमन रस्ते, परवा मधमाश्या, अशाने काहीच साठत नाही. त्याऐवजी एक विषय तीन आठवडे. वाचनालयातून त्याच विषयाची सोपी, मध्यम, अवघड अशी सहा-सात पुस्तकं आणायची. पहिलं पुस्तक ती अडखळत वाचायची, पाचवं भराभरा. दीपस्तंभांपासून सुरुवात केली, तिथून वादळं, तिथून राइट बंधू, कारण त्यांचं विमान १९०३ साली उडालं तेही ह्याच वाळूच्या पट्ट्यावर. ऑक्टोबरमध्ये हॅटेरसला गाडीने जाऊन आलो. मनोऱ्यावर चढायला तेव्हा बंद होतं. लेक जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत पावलं मोजत गेली, दीड हजारांच्या पुढे मोजणं सोडलं, आणि तिथूनच आजीला फोन लावून समुद्र दाखवला. सांगलीत रात्र झाली होती. आई म्हणाली, दिवा लागलाय का बघ.

रात्रीचं वाचून दाखवणंही मी परत सुरू केलं. मूल स्वतः वाचायला लागलं की आपण ते बंद करतो, मीही केलं होतं. आता तिच्या स्वतःच्या वाचनापेक्षा दोन इयत्ता वरचं पुस्तक मी वाचायचे, ती ऐकायची. प्रश्न विचारायचे नाहीत. फक्त पान संपल्यावर थोडं थांबायचं. त्या थांबण्यात तीच बोलायची, “हा खोटं बोलतोय, हो ना?”

परीक्षेचा थेट सराव मात्र मी टाकून दिला नाही. परीक्षा द्यायची तर तिची रीत माहीत हवी. पण तो शेवटच्या सहा आठवड्यांतच, आठवड्याला दोन उतारे. पद्धत मी माझ्या शाळेच्या उलटी केली. आधी उतारा पूर्ण वाचायचा, प्रश्न बघायचे नाहीत. वाचून झालं की एका वाक्यात आजीला सांगितल्यासारखं पुटपुटायचं. मग प्रश्न वाचायचा, पण पर्यायांवर जाड कागदाची पट्टी ठेवून. आधी स्वतःचं उत्तर तोंडाने सांगायचं, मग पट्टी काढून त्याच्या जवळचा पर्याय शोधायचा. आणि उताऱ्यातली कुठली ओळ साक्षीला आहे तिच्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवायला ओळ नसेल तर तो पर्याय तिच्या मनातला आहे, उताऱ्यातला नाही. ह्या पट्टीला ती ‘पडदा’ म्हणायची. वेळ लावायचा तो फक्त शेवटच्या दोन आठवड्यांत. सुरुवातीला तिला दुप्पट वेळ लागला, तो मी लागू दिला.

२०२४च्या वसंतात चौथीची परीक्षा झाली. आकलनाचा आकडा आला ४८. एवढं करून फक्त ४८? मी दोन दिवस नाराज होते. पण अशा परीक्षांत चार-पाचचा फरक निव्वळ त्या दिवसाच्या हवेनेही पडतो, आणि वाचलेलं साठायला वर्षं लागतात हेही तोवर समजलं होतं. तिच्या वयाची बाकीची मुलं काही थांबलेली नसतात. ३६वर राहण्यासाठीही वर्षभराचं शिकणं लागतं. आम्ही काहीही नवं केलं नाही. आजी, वही, तीन आठवड्यांचे विषय, रात्रीचं वाचन, हेच पुढे चालू. २०२५मध्ये पाचवीला आकडा आला ६७.

त्यातलं किती आजीचं, किती बेसबॉलचं आणि किती नुसतं वय वाढल्याचं, हे वेगळं काढता येत नाही. मला दुसऱ्याच एका गोष्टीवरून कळलं की गाडी रुळावर आली. मागच्या उन्हाळ्यात ती वाचनालयातून आली आणि पिशवी टाकता टाकता म्हणाली, “हे पुस्तक नीट लिहिलेलं नाही. तो शेवटी माफ का करतो ते सांगितलंच नाही. आजी विचारणार.”

कवितांवर मात्र ती अजून अडते. यंदा सहावीची बारावी पातळी आहे, परीक्षेला पाच आठवडे राहिलेत, आणि चुकलेल्या दहा प्रश्नांतले सहा कवितेवरचे असतात. बोलणारा कोण आहे, तो कुणाला उद्देशून बोलतोय, ह्या प्रश्नावर ती दर वेळी कवीचं नाव शोधत बसते. इंग्रजी कविता मराठीत सांगायला गेलं की हातातून निसटते, आजीचीही तिथे पंचाईत होते. गेल्या बुधवारी आई म्हणाली, “तुझं राहू दे, मी म्हणते आज.” आणि तिने तिच्या आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या दोन ओव्या म्हटल्या. लेकीला निम्मे शब्द कळले नाहीत. फोन गालाला लावून ती ऐकत होती. ओव्या संपल्यावर थोडा वेळ दोन्हीकडे शांत होतं.

“आजी,” लेक म्हणाली, “ह्याच्यात बोलतंय कोण? तुझी आई, का जातं?”

“तूच सांग की.”

“थांब. परत म्हण.”